ब्रॉकमन सरांचा आवाज

सिद्धी फुटबॉलच्या सरावाहून पहिल्यांदा रडत घरी आली, तेव्हा श्रीनाथ मनातल्या मनात म्हणाला, चला, मिळाला एकदाचा मास्तर.

त्याला रडण्याचा आनंद झाला असं नव्हे. पण ऑकलंडला येऊन चार वर्षं झाली होती आणि एवढ्या काळात त्याच्या मुलीला कोणी काही चुकलं म्हणून सांगितलं नव्हतं. गणित चुकलं तरी 'ऑसम', चित्र बिघडलं तरी 'ऑसम'. हेन्डरसन या त्यांच्या उपनगरातल्या क्लबात दर शनिवारी सामना संपला की एका मुलीला त्या दिवसाची उत्तम खेळाडू म्हणून सर्टिफिकेट मिळायचं, तेही पाळीपाळीने. एका शनिवारी सिद्धी तापाने घरी झोपली होती, तरी त्या दिवसाचं सर्टिफिकेट तिलाच मिळालं, कारण यादीत पाळी तिची होती. श्रीनाथने ते दोन दिवस फ्रिजवर लावलं आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच्याच लाजेने काढून ड्रॉवरमध्ये टाकलं.

मग २००६ च्या हिवाळ्यात योखेन ब्रॉकमन हा जर्मन गृहस्थ मुलींचा कोच म्हणून आला आणि पहिल्याच शनिवारी त्याने सर्टिफिकेटं बंद केली. "कोणी उत्तम खेळलंच नाही, तर देऊ कुणाला?" असं त्याने पालकांना तोंडावर विचारलं. पालक नाराज झाले. श्रीनाथ मात्र त्याच संध्याकाळी टीमचा मॅनेजर व्हायला तयार झाला. मॅनेजर म्हणजे फुकटचा हमाल. जाळी लावायची, हाफ-टाइमची संत्री कोण चिरून आणणार ते ठरवायचं, पाऊस पडला की काउन्सिलच्या नंबरवर फोन करून मैदान चालू की बंद ते ऐकायचं. क्लबात सगळ्यांसारखा तोही 'योखेन' म्हणायचा, पण घरी आला की 'ब्रॉकमन सर'. हाकेएवढ्या अंतरावरच्या मुलीलाही सर असं काही ओरडायचे, की मैदानापलीकडच्या डेअरीचा, म्हणजे इथल्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाचा, मालक गिऱ्हाईक सोडून दाराशी येऊन उभा राहायचा.

सरांची सगळी कहाणी श्रीनाथला गाडीत कळली, तीही तुकड्यातुकड्यांनी, परगावच्या सामन्यांना जाता-येता. जर्मनीत कोळशाच्या खाणींच्या गावात जन्म, बाप खाणीत. एकोणिसाव्या वर्षी सर दुसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये डाव्या बगलेचे बचावपटू झाले. अकरा सामने खेळले. बाराव्याच्या आधी सरावात गुडघा गेला. "अकरा," असं ते म्हणायचे आणि खिडकीबाहेर बघत बसायचे. मग त्या अधू गुडघ्यावर सात वर्षं लहानसहान क्लब, मग कोचची परीक्षा. तिथे ती इंजिनिअरिंगइतकीच अवघड असते म्हणे. मग एका गावाचा संघ हातात घेऊन तीन वर्षांत वरच्या लीगमध्ये चढवला, आणि चढवल्यावर दोन महिन्यांत अध्यक्षांनी त्यांना काढलं, कारण अध्यक्षांचा जावई रिकामा बसला होता. बायको मूळची हेन्डरसनची. तिच्या म्हाताऱ्या आईला बघायला दोघं २००१ मध्ये इकडे आली. इथल्या लोकांनी सरांचं शिक्कामोर्तब केलेलं लायसन्स उलटसुलट पाहिलं, 'स्वीट अ‍ॅज', म्हणजे एकदम झकास, म्हणाले आणि नऊ वर्षांखालची मुलं त्यांच्या हातात दिली.

पोटासाठी सर फरशा बसवायचे. शहराच्या उत्तरेला अल्बनीत तेव्हा घरं धडाधड उठत होती. तिथल्या कितीतरी बाथरूमच्या फरशा त्यांनी गुडघ्यावर बसून, त्याच गुडघ्यावर बसून, लावलेल्या.

सहा वर्षं त्या माणसाने इथे काय काय सोसलं ते बघून श्रीनाथचं डोकं फिरायचं. दोन शिंतोडे पडले की मैदान बंद. सामन्याच्या दिवशी वाढदिवस निघाला की चार मुली गायब, आणि वर "सॉरी, योखेन!" असा हसरा मेसेज. लायसन्सला इथे मान्यता मिळावी म्हणून लिहिलेल्या पत्राला सात महिन्यांनी उत्तर आलं, की आधी इथला कोर्स करा. सर गेले. हिल्सबरोच्या एका शाळेत दोन रविवार एका चोविशीतल्या पोराने त्यांना पायाच्या आतल्या बाजूने चेंडू कसा ढकलायचा ते शिकवलं. सरांनी वहीत लिहून घेतलं आणि शेवटी त्या पोराने त्यांना 'गुड अ‍ॅटिट्यूड' असा शेरा दिला.

हे ऐकून श्रीनाथच्या अंगाचा तिळपापड झाला. तो पुण्यात पाणीपुरवठ्यात चौदा वर्षं इंजिनिअर होता. इथे आल्यावर 'लोकल एक्स्पीरिअन्स' नाही म्हणून त्यालाही अर्ध्या वयाच्या पोरांशेजारी बसून डिप्लोमा करावा लागला होता. आता तो एका कंपनीत पावसाळी गटारांचे नकाशे काढायचा. स्वतःचं जे व्हायचं ते झालं, पण निदान सरांचं तरी भलं व्हावं, असं त्याने मनाशी घट्ट धरलं होतं.

आणि २००७ च्या जूनमध्ये संधी आली. विभागाच्या फुटबॉल संघटनेला मुलींसाठी पूर्णवेळ कोच हवा होता. सर तेव्हा एक्कावन्न वर्षांचे. डॉक्टरांनी सांगितलं होतं की हा गुडघा फरशीवर टेकवायचे दिवस आता संपत आले.

"हे झालं नाही तर मी संपलो, श्रीनाथ," श्रीनाथच्या स्वयंपाकघरात शंकरपाळे खात सर म्हणाले. "मग मी नुसता एक फरशीवाला. तोही लंगडा."

अर्ज श्रीनाथनेच भरला. अर्जात दोन जणांची नावं द्यायची होती, ज्यांना फोन करून संघटना उमेदवाराची चौकशी करील. एक क्लबचे अध्यक्ष. दुसरं नाव सरांनी न विचारताच श्रीनाथचं सांगितलं. मुलाखत उत्तम झाली. "आता फक्त दोन फोन करायचे राहिलेत," असं संघटनेच्या बाईंनी सरांना हसून सांगितलं.

गुरुवारी अकरा वाजता फोन आला. श्रीनाथ ऑफिसच्या जिन्यात जाऊन उभा राहिला. सोमवारपासून त्याची तयारी चालली होती. बाईंचा आवाज गोड होता. त्यांनी विचारलं, "मुलींशी त्यांचं वागणं कसं असतं?"

श्रीनाथला त्याच्या पुण्यातल्या शाळेतले कवायतीचे सर आठवले. त्यांच्याबद्दल आजही चार मित्र जमले की काय बोलतात? कसे बदडायचे, कसे रडवायचे, आणि आपण आज जे आहोत ते त्यांच्यामुळे. याहून मोठी स्तुती श्रीनाथला ठाऊक नव्हती. तीच त्याने दिली.

"फार कडक माणूस," तो म्हणाला. "रडवतात मुलींना. माझी मुलगी पहिल्या महिन्यात तीनदा रडत घरी आली."

"रडत?" बाई म्हणाल्या.

"हो, हो!" श्रीनाथला चेव चढला. "कोणाचा मुलाहिजा ठेवत नाहीत. एक मुलगी पाच मिनिटं उशिरा आली, तर अर्धा सामना बाहेर बसवली. आवाज तर असा की पलीकडच्या दुकानात ऐकू जातो. मी मॅनेजर, पण मलासुद्धा एकदा सगळ्यांदेखत झापलं!"

"आणि मुलींना काय वाटतं?"

"टरकून असतात. म्हणून तर शिकतात ना!"

पलीकडे की-बोर्डचा आवाज बराच वेळ येत राहिला. मग बाई म्हणाल्या, "थँक यू, श्रीनाथ. तुम्ही मोकळेपणाने बोललात, याची फार मदत झाली."

तो इतका खूश झाला की तिथूनच त्याने निवेदिताला फोन लावला. त्याची बायको एका बालवाडीत शिक्षिका होती. त्याने सगळं शब्दन्‌शब्द सांगितलं आणि शाबासकीची वाट बघत थांबला. 

"अरे, काय केलंस तू हे?" निवेदिता म्हणाली. "आमच्याकडे मूल नुसतं पडून रडलं तरी आम्ही फॉर्म भरतो. आणि तू त्या बाईंना सांगितलंस की ते मुलींना रडवतात? अभिमानाने?"

श्रीनाथ जिन्याच्या पायरीवर मट्‌कन बसला. सरांची ही एवढी एक गोष्ट जमत आली होती, आणि ती त्याने स्वतःच्या तोंडाने मोडली होती.

त्याने लगेच उलट फोन लावला. व्हॉइसमेल. शुक्रवारी दुपारी बाई सापडल्या. त्याने घाईघाईने सांगितलं, की तसं नव्हतं म्हणायचं. सिद्धीचा डावा पाय नुसता शोभेचा होता, सरांनी तिच्यासाठी सहा महिने दर सरावाला अर्धा तास जास्त थांबून तो चालता केला. एखादी मुलगी चुकली की सरांची झोप उडते. मुली त्यांच्यावर जीव टाकतात. बाईंनी ऐकून घेतलं आणि हळूच विचारलं, "श्रीनाथ, तुम्हाला हा फोन करायला कोणी सांगितलंय का?"

त्या प्रश्नापुढे त्याने हात टेकले. काल खरं बोललो ते वाईट ठरलं आणि आज खरं बोलतोय ते खोटं ठरतंय, आता यांच्यापुढे डोकं आपटू की काय, असं त्याला झालं. स्वतःचा राग आला, बाईंचा आला, या गोडगोड बोलणाऱ्या सगळ्या देशाचा आला, आणि पुण्याच्या त्या कवायतीच्या सरांचाही आला.

पुढच्या बुधवारी सरांना पत्र आलं. मुलींच्या मानसिक स्वास्थ्याबाबत चौकशीत काळजीच्या गोष्टी पुढे आल्यामुळे निवड होऊ शकत नाही. श्रीनाथ अर्ध्या दिवसाची रजा टाकून अल्बनीला गेला. एका नव्या घराच्या बाथरूममध्ये सर गुडघ्याखाली उशी घेऊन फरशी बसवत होते. श्रीनाथने दारातच उभं राहून सगळं सांगून टाकलं. एक शब्द लपवला नाही.

सरांनी पूर्ण ऐकलं. "यात खोटं काही आहे का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"अकरा सामने खेळलो तेव्हासुद्धा माझ्याबद्दल कोणी इतकं चांगलं बोललं नव्हतं," सर म्हणाले. त्यांनी हातातली फरशी जागेवर दाबली, रबरी हातोडीने दोनदा ठोकली. "आमच्या गावात असं कोणी सांगितलं असतं तर मला त्याच दिवशी घेतलं असतं. इथे नाही घेत. सहा वर्षं झाली, मला कळायला हवं होतं. तुलाही."

ते चिडले असते, हातोडी फेकून मारली असती, तरी श्रीनाथला बरं वाटलं असतं. त्याने माफी मागितली. सरांनी मान हलवली आणि पुढची फरशी मागितली. त्याने ती उचलून दिली.

शनिवारी क्लबच्या मैदानावर सामना होता. श्रीनाथने जाळी लावली, संत्री मोजली. सर अंगात झिपवालं जॅकेट घालून रेषेवर उभे राहिले, खिशात हात घालून. दहा मिनिटांत अंगावर पहिला गोल बसला. मुलींनी सवयीने खांदे आकसून सरांकडे बघितलं.

"गुड ट्राय, गर्ल्स," सर म्हणाले.

डाव्या पायावर सरळ आलेला चेंडू सिद्धीने उजव्याने मारायला जाऊन घालवला. सहा महिन्यांची मेहनत पाण्यात. ती जागच्या जागी थांबून रेषेकडे बघत राहिली, ओरडा खायची वाट बघत. श्रीनाथही बघत राहिला. ओरडा, सर, तो मनात म्हणाला, तुम्हाला शपथ आहे, ओरडा.

"नाइस वन, सिद्धी. हीप्स ऑफ फन!"

डेअरीच्या दारात कोणी आलं नाही. चार-शून्य हरल्यावर सरांनी सगळ्यांसाठी टाळ्या वाजवल्या आणि जॅकेटच्या खिशातून एक घडी घातलेला कागद काढला. वर्षभर बंद असलेलं सर्टिफिकेट. त्यांनी जुन्या यादीत बोट फिरवून नाव शोधलं. पाळी सिद्धीची होती.

गाडीत ती मागे बसली. हेन्डरसनच्या सिग्नलला तिने बाहीने डोळे पुसले.

"काय झालं गं?" श्रीनाथने आरशात बघत विचारलं.

"ही डिडन्ट इव्हन येल अ‍ॅट मी, बाबा," ती म्हणाली. "ही डझन्ट केअर एनी मोअर."

सर्टिफिकेट तिच्या मांडीवर होतं. सिद्धी रडत घरी आली, आणि या वेळी तिला रडवणारा कोण ते श्रीनाथला पक्कं ठाऊक होतं.