तारेनं बांधलेली कडी

“त्या शेतमालकाचं नाव पुस्तकात तसंच ठेवलंस, तर फाईल प्रेसला जाणार नाही,” सर म्हणाले.

सर हिंगोलीत एक छोटं प्रकाशन चालवतात. मी तिथे संपादक आहे. मॅन्युस्क्रिप्ट, म्हणजे लेखकाचा कच्चा मजकूर, वाचायचा आणि लेखकाशी भांडून नीट करायचा, हे माझं काम.

ती फाईल रेखाताईंच्या आत्मकथनाची होती. त्या सेनगावला अंगणवाडी सेविका आहेत. लहानपणी एका शेतात हळद शिजवायची कढई कलंडली आणि उकळतं पाणी त्यांच्या मानेवर, खांद्यावर आलं. शेत कोणाचं, हे त्यांनी नावासकट लिहिलं होतं.

माझे वडील मजुरांची पत्रकं काढायचे. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर मी पाढे लिहिले. अन्याय करणाऱ्याचं नाव गाळलेलं पत्रक आणि लग्नपत्रिका यांत फरक नाही, असं आमच्या घरात मानतात. मी सरांना तसं सुनावलं.

“नोटीस आली तर तुझे बाबा तुझ्यासाठी पत्रक काढतील,” सर म्हणाले. “माझ्यासाठी कोण काढणार?”

पण खरी अडचण नाव नव्हतीच. एवढ्या मोठ्या पुस्तकात त्या प्रसंगाला एकच वाक्य होतं: ‘मग मी भाजले.’ पुढचं लिहा, असं मी रेखाताईंना परत परत सांगत होते. शेवटी त्या बोलल्या.

“लिहायला बसले की माय दिसती. कढईजवळच होती ती. मालकाला एक शब्द बोलली न्हाई. हे लिहू का? ती जिती हाय अजून.”

सरांनी सुचवलं, कादंबरी करा. ‘मी’च्या जागी ‘चंपा’ लिहा. मी याला पळवाट म्हटलं. पण रेखाताई पानं घेऊन आल्या, तेव्हा तो प्रसंग पुरा उतरला होता. चंपा किंचाळते आणि तिची आई तोंडात पदर धरून गप्प उभी राहते. वाचल्यावर मी भांडण थांबवलं.

रेखाताईंची एकच अट होती. छापायच्या आधी आईला वाचून दाखवायचं. ती उठून गेली, तर पुस्तक नाही.

आम्ही जीपने त्यांच्या माहेरी गेलो. आई सुपात तूर पाखडत होती. मी वाचू लागले. आई गप्प उभी राहते, तिथे सूप थांबलं.

“ही चंपा कोण्या गावची?”

“गोष्टीतली हाय, माय,” रेखाताई म्हणाल्या.

“व्हय का? मंग चुकीचं लिवलंय. तिची माय गप न्हवती. कढईची कडी तुटली होती, तारेनं बांधली होती. लेकरं खेळून राहिली, कढई बदला, म्हणून मालकाला सकाळीच सांगितलं होतं. त्यो म्हणला, काम कर न्हाई तर घरी जा.”

“मला कदी सांगितलं न्हाई.”

“तू कदी इचारलं?” सूप पुन्हा हलू लागलं. “काहून रडून राहिली? वाच गं पोरी पुढं.”

परतताना रेखाताई गाण्याच्या आवाजावरून जीपवाल्याशी सेनगावपर्यंत भांडल्या. इतक्या मोकळ्या मी त्यांना कधी पाहिल्या नव्हत्या.

कादंबरी आली. त्यात मालकाचं नाव कुठेच नाही. तारेनं बांधलेली कडी मात्र आहे. थोड्याच दिवसांत मालकाचा ऑफिसला फोन आला. ती कढई आपलीच, असं सगळं गाव बोलून राहिलं, असं तो म्हणत होता. सगळी पात्रं काल्पनिक आहेत असं पान दोनवर छापलंय, ते बघा, असं मी त्याला अदबीनं सांगितलं. शेजारी बसलेल्या सरांनी चहा मागवला.

पत्रकाला नाव लागतं. गोष्टीला एवढी तार पुरते.