झाडं रोडावली!

झाडं बारीक झाली म्हटलं, तर कोणी विश्वास ठेवला नाही! ना ऑफिसातल्या सरांनी, ना घरच्यांनी. आमच्या कामात असे किस्से इतके साचतात की सांगितले नाही तर पोट दुखतं. काम साधं. नागपूरजवळच्या जंगलात मोठ्या झाडांवर रंगाचा पट्टा मारलाय. दरवर्षी तिथंच टेप गुंडाळून घेर मोजायचा. टेप माझ्या हातात, दुसरं टोक शेवंताकडे.

एका बेहड्याला आमचा नंबराचा पत्रा ठोकलाय. गेलो तर त्यावर कुंकू, खाली नारळ! सरपणाला आलेल्या बाईनं विचारलं, "हा कोनता देव हाय वं?"
शेवंता म्हणाली, "एकशेसतरा नंबर!"

नवऱ्याला वाटतं, मी जंगलात हिंडते. एकदा म्हणाला, "झाडाची कंबर मोजतं, माही बी मोज."
मोजली. म्हटलं, "तुले बी पट्टा मारून ठेवतो. पुढच्या साली पाहू!"
तेव्हापासून रात्रीचा भात कमी घेतो.

आग्या मोहोळ उठलं, तेव्हा सर सगळ्यांत पुढं. पळता पळता ओरडले, "डाटा सांभाळा!"
शेवंता झुडपात पालथी पडून म्हणाली, "डाटा इथंच हाय सर, तुमीच पळून राहिले!"

आणि यंदा प्रत्येक झाडाचा घेर कमी भरला. सर कडाडले, "झाड रोड होतं का, शांताबाई? तुम्हाला आकडे वाचता येत नाहीत. उद्यापासून टेप दुसऱ्याकडे!"
टेप गेला म्हणजे काम गेलं. मी चौथी शिकली, पण आकडा चुकत नाही! ऑफिसातला लोखंडी टेप व्हरांड्यात पसरला, शेजारी आमचा कापडी. आमच्याचा दहा मीटरचा आकडा चार बोटं पुढं!
"टेप ताणला कोनं?" मी विचारलं.
ड्रायव्हर वसंताभाऊ खाली पाहत म्हणाला, "सरांनी जरीपटक्याच्या बाजारातून दिवाण घेतला ना... जीपवर बांधाले दोरी नव्हती."

वर कळवायचा फॉर्म आला. 'जबाबदार व्यक्ती' या रकान्यापाशी सरांचा पेन थांबला. म्हणाले, "वसंताचं नाव टाकू का?"
"काहून?" मी फॉर्म ओढला आणि ठळक अक्षरात लिहिलं:
श्री. मोरेश्वर ढोबळे सर.