बारा हात काळं कापड

पहिली शंका आली ती गाठीमुळे. आमच्या गॅलरीच्या गजाला काळ्या कापडाचं एक टोक बांधलेलं, आणि चांगलं बारा हात कापड हातात धरून पाहुणेबुवा ओढून बघतायत, गाठ सुटते का!

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, म्हणजे मला पुढचं धड सांगता येईल.

पाहुणा म्हणजे जोर्डी. स्पेनमधल्या कातालोनियाचा. कडे चढायला देशोदेशी हिंडणारा. माझ्या दादाच्या गिर्यारोहण मंडळाशी पत्रव्यवहार करून आला आणि उतरला वाशीला आमच्याकडे, दुसऱ्या मजल्यावर. ऐन पावसाळ्यात! का, तर त्याला सुट्टी तेव्हाच.

त्या दिवशी दहीकाला. आई-बाबा पनवेलला आत्याकडे. दादा दोर आणायला निघाला.

"नंदे, आजचा दिवस याला सांभाळ. उद्या कर्नाळ्याचा सुळका आहे. याचा पाय नुसता मुरगळला ना, तरी मोहीम रद्द आणि मंडळातून माझी हकालपट्टी!"

"अरे, तो काय तान्हं बाळ आहे सांभाळायला?"

"बाळ परवडलं गं. काल सोसायटीच्या टाकीवर चढून बसला होता. घराबाहेर सोडू नकोस, बस्स!"

आता मी कशी, तर कुकरची शिट्टी झाली तरी हातातली बशी टाकणारी. दादा गेल्या गेल्या दाराला आतून कुलूप घातलं, किल्ली लपवली. तेवढ्यात खाली ढोल सुरू झाले, जोर्डी पिशवीकडे धावला, आणि मग ती गाठ!

हा गॅलरीतून उतरणार! दादाचं मंडळ गेलं!

"नो, नो! जिना आहे! स्टेअर्स!" मी कापडावर झेप घेतली.

जोर्डी खूश. "यू? गुड! होल्ड! स्ट्राँग!" म्हणत त्याने गजाची गाठ सोडून ते टोक माझ्या हातात दिलं.

दादाने शिकवलेलं होतंच. दोर सांभाळणाऱ्याने दोर स्वतःला बांधून घ्यायचा. मी टोक कमरेला गुंडाळलं, एक नाही, तीन गाठी मारल्या आणि पाय रोवून उभी राहिले. आता उतर बघू कसा उतरतोस!

पण तो गजाकडे जाईचना! दुसरं टोक स्वतःच्या कमरेला लावून गिरक्या घेत तो माझ्याकडेच यायला लागला. मी मागे सरले की कापड आवळे, आणि कापड आवळलं की हा आणखी खूश. "मोअर! मोअर!" बघता बघता नाकाला नाक लागायची वेळ आली.

मी किंचाळले. तोही दचकला. सुटायला तो डावीकडे फिरला, घाबरून मीही त्याच्याबरोबर डावीकडे. तो उजवीकडे, मीही उजवीकडे. गुंता जिथल्या तिथे.

तेव्हा कुठे त्याने खिशातून फोटो काढला. त्याच्या गावचा सण. भर चौकात माणसांवर माणसं, सहा-सहा थर! प्रत्येकाच्या कमरेला असाच घट्ट काळा पट्टा, पाठीला आधार आणि वर चढणाऱ्याला पायरी. तो नीट बसायला दुसऱ्या कुणीतरी टोक ताणून धरावं लागतं. खाली ढोल ऐकले आणि याला वाटलं, आपणही थराला लागावं.

म्हणजे हा पठ्ठ्या उतरत नव्हता, नटत होता!

तोवर वेढे दोघांभोवती आवळले होते आणि माझ्या तिन्ही गाठी ताणून दगड झाल्या होत्या. "कात्री," मी म्हणाले.

"नो! ग्रँडफादर!" त्याने पट्टा छातीशी धरला. आजोबांचा होता.

बरं, दार उघडून शेजारी जावं, तर किल्ली? इतकी जपून लपवली होती की मलाच आठवेना.

शेवटी दोघं खेकड्यासारखे तिरके चालत गॅलरीत गेलो. "वर या! अहो, कोणीतरी वर या!" मी बोंबलले. समोरच्या काकूंनी हसून हात हलवला. दहीकाल्याला गॅलरीत ओरडणाऱ्या पोरीचं कोणाला काय?

मग मी कपडे धुवायच्या पाण्याची बादली उचलली आणि खाली उपडी केली.

आता सांगा, दहीकाल्याच्या दिवशी "वर या" म्हणून ओरडायचं आणि गोविंदांवर पाणी ओतायचं, म्हणजे काय आमंत्रण जातं? हे मला कळू नये?

वाशी गावातलं अख्खं पथक आनंदाने आरोळी ठोकत आमच्या गॅलरीखाली जमलं. पहिला थर. दुसरा. तिसरा. जोर्डीच्या डोळ्यांना धारा लागलेल्या. छातीवर हात ठेवून तो कातालानमध्ये सूचना देत होता, आणि माझं आपलं चालूच, "कोणी आहे का? अहो, ऐकतंय का कोणी?"

पाचवा थर लागला. कठड्यावरून एक ओलं मुंडासं वर आलं, त्याखाली मिशी.

"ओ ताई, आलो ना! बोला."

खालून शंभर गळे ओरडले, "आरं, हंडी कुठं हाय?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. जोर्डीकडे पाहिलं. कापडाचे वेढे निरखले. मग खाली मान वळवून सगळ्या सेक्टरला ऐकू जाईल असं ओरडला,

"हंडी नाय रं! ताई हाय! आनि गोऱ्याला बांधलेली हाय!"