कच्चा धावदोरा

काकूंच्या पलंगाखाली एक पत्र्याची पेटी होती आणि त्या पेटीत आपली अब्रू झाकून ठेवलीय, असं त्या स्वतःच म्हणायच्या. आत पाच गोधड्या होत्या, पाचही अर्धवट. एक धाकट्या दिराच्या लग्नासाठी घेतलेली. त्या दिराला आता टक्कल पडलं होतं. एक मुलाच्या पाळण्यासाठी. तो मुलगा आता दोन जुळ्या पोरींचा बाप होता. लेक शाळेत गणिताशी झटापट करत होती तेव्हा तिनं पेटीचं नाव 'अपूर्णांक' ठेवलं. घरात ते असं काही रुजलं, की पुढं कुणी "अपूर्णांकामागची चप्पल काढ" म्हटलं, तरी कुणाला हसू येईनासं झालं.

आता काकू आळशी होत्या असं कुणी म्हणेल, तर गल्लीतले शंभर लोक अंगावर धावून येतील. कारण त्या शंभर लोकांच्या पँटींच्या चेन, परकरांच्या नाड्या आणि पडद्यांच्या दुमडी काकूंच्याच हातच्या होत्या. पुढच्या खोलीत खिडकीशी मशीन, शेजारी कपड्यांचा ढीग आणि दारात कुणीतरी कायम उभं. प्रत्येकाला कपडा उद्याच हवा असायचा. आणि काकूंच्या तोंडाला 'नाही' हा शब्द देवानं दिलाच नव्हता. लोकांचं पुरं करता करता दिवस संपायचा. उरलेला घरात जायचा. सासूबाई सहा वर्षं अंथरुणाला खिळून होत्या, त्यांचं सगळं काकूंनी केलं. त्या गेल्या आणि सून बँकेत लागली. मग जुळ्या नाती सकाळी आठ वाजता आजीच्या पदरात. गोधडीला कुणी वाली नव्हता, म्हणून ती थांबायची.

पाचांतली मुख्य होती लेकीची. लेक सात वर्षांची असताना गोवर येऊन पडली होती आणि तापात तिनं हट्ट धरला, की मला माझ्याएवढी गोधडी हवी आणि मी मोठी झाले की तीही मोठी व्हायला हवी. काकूंनी शब्द दिला. मधोमध तिच्या पिवळ्या फ्रॉकचा चौकोन लावला आणि मग दर वर्षी आखूड झालेल्या कपड्यांची एक चौकट भोवती वाढवत नेली. शाळेचा निळा गणवेश, उसवलेलं स्वेटर, कॉलेजातला पहिला कुर्ता. वरचा थर जोडून झाला. मग खाली अस्तर, मध्ये जुन्या मऊ चादरी घालून तिन्ही थर जागचे हलू नयेत म्हणून लांबलांब टाक्यांचा कच्चा धावदोराही घालून झाला. खरी शिवण मधल्या पिवळ्या चौकोनापासून सुरू झाली. आणि एका दुपारी आतल्या खोलीत धप्प असा आवाज झाला. सासूबाई पडल्या होत्या. काकूंनी सुई आहे तिथंच टोचली आणि धावल्या. ती सुई पुढं कित्येक वर्षं तिथंच राहिली.

लेक बत्तिशीची झाली. ती हवामानाची यंत्रं दुरुस्त करायची आणि तिची नेमणूक झाली बर्फातल्या एका डोंगरावरच्या वेधशाळेत, दोन वर्षांसाठी. तिथं जायला तिनं स्वतःहून अर्ज केला होता आणि एवढ्या उंचीवर यंत्रं सांभाळणारी ती पहिलीच बाई. काकूंनी ही बातमी चेन बसवायला आलेल्या प्रत्येक माणसाला सांगितली. मग हळूच लेकीला म्हणाल्या, की तुझी गोधडी तेवढी करून देते. लेकीनं आईच्या गळ्यात हात टाकला. ती हसून म्हणाली, "अगं, मी जाड ब्लँकेट घेतलंय विकत. तुझी होईल तेव्हा पाठव."

तिच्या बोलण्यात तिखट काही नव्हतं, तेच काकूंना झोंबलं. रागावली असती तर बरं होतं. पोरीनं आशाच सोडलेली होती आणि तीही इतक्या प्रेमानं, की आईला भांडायलाही जागा ठेवली नव्हती. जायला तीन आठवडे होते. पोरीच्या बॅगेला दुकानातलं ब्लँकेट बांधलेलं दिसलं तर आपण पुन्हा म्हणून सुई धरणार नाही, असं काकूंनी मनाशी ठरवलं. त्या दिवशी नातींना शाळेत सोडायला निघताना त्यांनी नवऱ्याला सांगितलं, की पेटीतली लेकीची गोधडी काढून ठेवा, मी आल्या आल्या बसते.

आता नवऱ्याबद्दल सांगायला हवं. त्यांना सगळे चेकर म्हणायचे. शर्टांच्या कारखान्यात त्यांनी सगळी नोकरी तपासनीस म्हणून केली होती. शर्ट समोर आला की कॉलर, काज, बटणं यांवरून नजर फिरायची आणि एक जरी धागा लोंबताना दिसला तरी माल परत. निवृत्त झाल्यावरही सदऱ्याच्या खिशात छोटी कात्री असायची. लग्नाच्या पंगतीत शेजारच्या माणसाच्या बाहीचा धागा त्यांनी न विचारता कापल्याचं घरात अजून सांगतात. कौतुक करण्याच्या बाबतीत मात्र त्यांचा हात आखडता. "ठीक आहे" यापलीकडे त्यांच्या तोंडून चांगला शब्द कुणी ऐकला नव्हता, काकूंनीही नाही.

चेकरनी गोधडी पलंगावर पसरली आणि त्यांचा जीव वरखाली झाला. अख्ख्या अंगावर पांढऱ्या दोऱ्याचे हे लांबच लांब टाके! वाकडे, सैल, निळ्यावर पांढरे. असला माल लेकीसोबत जाणार? बायकोचा भार तेवढाच हलका करू, असं म्हणून त्यांनी चष्मा लावला, कात्री काढली आणि एकेक टाका कापून, ओढून, सगळा दोरा उपसून काढला. एक तुकडा मागं राहू दिला नाही. मधोमध गंजलेली एक सुई मिळाली, तीही काढून टाकली. वर गोधडी गॅलरीत नेऊन धूळ जावी म्हणून चांगली दणदण झटकली. उपसलेला दोरा कागदी पिशवीत भरून ठेवला, कारण आपण केवढं काम केलं हे दिसायला नको का!

काकू आल्या. पाहिलं. वरचा थर एकीकडे सरकलेला, आतल्या चादरी गोळा होऊन एका कोपऱ्यात बसलेल्या, अस्तर लोंबतंय. त्या मशीनच्या स्टुलावर बसल्या.

"किती स्वच्छ केलीत," त्या म्हणाल्या.

चेकरना वाटलं, कौतुक झालं. ते खुशीत चहा ठेवायला गेले. काकू मात्र जेवताना बोलल्या नाहीत, भांडी घासताना बोलल्या नाहीत आणि त्यांच्या घरात एवढी शांतता म्हणजे काहीतरी गंभीर घडल्याची खूण. संध्याकाळी सून पोरींना घ्यायला आली. तिनं पिशवीतला दोरा पाहिला, गोधडी पाहिली आणि कपाळाला हात लावला. तिनं सासऱ्यांना बाजूला घेऊन सांगितलं, की बाबा, हा दोरा लोंबता नव्हता, यानंच सगळं धरून ठेवलं होतं. घर बांधताना छत पक्कं व्हायच्या आधीच खालचे टेकू काढावेत, तसं केलंत तुम्ही.

चेकरनी पिशवीतला दोरा हातात घेऊन पाहिला. दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात जन्म गेला होता. स्वतःची चूक हातात आल्यावर तिचं काय करायचं हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. माफी मागणं तर त्यांच्या कुंडलीतच नव्हतं. पण सकाळी काकू उठून बघतात तर पुढच्या खोलीतला पलंग मोकळा करून भिंतीला उभा लावलेला, खुर्च्या गॅलरीत गेलेल्या आणि सगळी फरशी लख्ख पुसलेली. मधोमध अस्तर अंथरलेलं, चारी कोपऱ्यांवर भांडी ठेवून ताणलेलं. चेकर मांडी घालून बसले होते. हातात सुई.

"दाखव," ते म्हणाले. "कसा घालायचा?"

काकूंचा राग कुठल्या कुठे पळाला. तरी त्यांनी तो थोडा वेळ चेहऱ्यावर ठेवला. हक्काचा होता, लगेच का सोडा? थर कसे लावायचे, मधून बाहेर कसं जायचं, टाका किती लांब घ्यायचा, सगळं दाखवलं. चेकरांचे पहिले टाके असे पडले, की गोगलगाय चालत गेल्यासारखी रेघ दिसत होती. त्यांच्या कारखान्यात हा माल पास झाला असता का, असं काकूंनी विचारलं. झाला नसता, असं चेकरनी प्रामाणिकपणे कबूल केलं आणि उसवून पुन्हा घातले.

ते अर्ध्यावर आले तेवढ्यात दारात वकीलबाई. काळ्या कोटाची बाही उसवली होती आणि उद्या कोर्टात उभं राहायचं होतं. काकूंचा हात सवयीनं कोटाकडे गेला. मग त्यांनी खाली पाहिलं. नवरा गुडघे दुखत असताना फरशीवर वाकून बसला होता आणि जिभेचं टोक बाहेर काढून निळ्या गणवेशावर दोरा ओढत होता.

"नाही जमणार हो," काकू म्हणाल्या. "माझं स्वतःचं काम चालू आहे."

वकीलबाई बघतच राहिल्या, त्यांना वाटलं कुणी आजारी आहे. काकूंना मात्र आपलंच वाक्य इतकं आवडलं, की त्या गेल्यावर त्यांनी ते मशीनकडे बघून पुन्हा एकदा म्हणून पाहिलं. दुपारी सुनेनं पुठ्ठ्यावर 'दुकान बंद' असं मोठ्या अक्षरांत लिहून दाराला अडकवलं आणि पोरींना महिनाभर पाळणाघरात ठेवायची सोय केली. काकूंनी आधी नको नको म्हटलं. सुनेनं ऐकलं नाही.

मग काकू बसल्या आणि जी शिवण उमटली ती बघण्यासारखी होती. इतकी वर्षं लोकांच्या दुमडी घालून हात बसला होता; आता तो हात स्वतःसाठी चालला. पिवळ्या चौकोनापासून सुरुवात. सुई होती तिथं एक तपकिरी ठिपका उमटला होता, गंजाचा. काकूंनी लिंबू चोळून पाहिलं, तो हलला नाही. वर तुकडा लावून झाकता आला असता, पण त्यांनी लावला नाही. तांदळाच्या दाण्याएवढे टाके, एकसारखे, पुढून आणि मागून सारखेच, चौकटीमागून चौकट बाहेर जात राहिले. जिथं पक्की शिवण पुरी होई, तिथला कच्चा दोरा चेकर काढत. आता मात्र विचारून. वरण करपायचं, कपडे वाळत घालायचे राहायचे. कुणी मेलं नाही. काकूंना हा शोध उशिरा लागला, पण लागला.

लेक निरोपाला आली तेव्हा गोधडी गॅलरीत दोरीवर टांगलेली होती आणि चेकर उन्हात तिची तपासणी करत होते. लेकीच्या पाठीवर बॅग, बॅगेवर दुकानातलं ब्लँकेट बांधलेलं. ती दारातच थांबली. काकू मशीनला टेकून उभ्या होत्या.

चेकरनी पुढची बाजू पाहिली, मागची पाहिली, कडा बोटांखालून घातल्या. पिवळ्या चौकोनातल्या ठिपक्याशी थांबले.

"हे काय?" लेकीनं विचारलं. ती जवळ आली होती.

"आजी पडली ना, तेव्हा सुई तिथं सोडून पळाले होते," काकू म्हणाल्या. "तुझी गोधडी मी विसरले नव्हते गं. तिथं थांबले होते."

लेकीनं त्या ठिपक्यावर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. तेवढ्यात चेकरना खालच्या कडेला एक पांढरी रेघ सापडली. निळ्या गणवेशावर हातभर कच्चा धावदोरा तसाच राहिला होता, गोगलगायीच्या चालीचा. त्यांचा हात आपोआप खिशातल्या कात्रीकडे गेला.

"तो राहू द्या," काकू म्हणाल्या. "तो तुमच्या हातचा आहे. मी मुद्दाम ठेवलाय."

चेकर कात्री हातात धरून उभे राहिले. त्यांनी उभ्या आयुष्यात लोंबता दोरा सोडला नव्हता. त्यांनी चष्मा काढून पुसला, कात्री खिशात ठेवली आणि बायकोकडे बघून म्हणाले, "पास. असा माल माझ्या हाताखालून कधी गेला नाही."

काकू उगाचच टेबलावरचे रीळ आवरायला लागल्या. लेकीनं बॅग खाली ठेवली, ब्लँकेट सोडलं आणि आईच्या हातात दिलं. इथंच राहू दे म्हणाली.

खाली गाडी आली होती. ड्रायव्हर गोधडी डिकीत टाकायला निघाला, तर लेकीनं ती घट्ट धरली आणि मांडीवर घेऊन बसली. जिन्यावरून वकीलबाई उतरत होत्या. त्यांनी गाडीत वाकून पाहिलं, कापडावरून हात फिरवला आणि कुठून मागवली म्हणून विचारलं.

"आईनं केलीय," लेक म्हणाली. "सात वर्षांची असताना मागितली होती. पुरी केली तिनं."

ती हे काही मोठ्यानं बोलली नव्हती. पण काकूंनी ऐकलं, आणि गल्लीतल्या सगळ्यांनी ऐकावं असं त्यांना वाटलं. गाडी वळेपर्यंत त्या ताठ उभ्या राहिल्या. मग वकीलबाई म्हणाल्या, की आता मोकळ्या झालात, तर तो कोट घेऊन येऊ का, अजून टाचणीवरच चालवतेय?

"आणा की," काकू म्हणाल्या. "पण संध्याकाळी. सकाळी माझं काम असतं."

त्या जिना चढून वर आल्या. चेकरनी पेटी आधीच पलंगाखालून ओढली होती आणि टकलू दिराची गोधडी फरशीवर पसरून ते तिच्यापासून चार हात लांब, कात्री पाठीमागं धरून उभे होते.