सुभेदारांचा खांदा

"लय सोपं हाय, गड्या. कर." खुर्चीत पाय पसरून बसलेले सुभेदार समोरच्याला असं सांगायचे. अवघड अशी एकही गोष्ट त्यांच्या जगात नव्हती, कारण ती नेहमी दुसऱ्याने करायची असायची.

विश्रामबागेतल्या फिजिओथेरपीच्या खोलीत आमची गाठ पडली. दोघांच्याही उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालेलं. मी स्कूटरवरून पडलो होतो, ते ट्रॅक्टरवरून. पण सांगायचे असं, की ऐकणाऱ्याला वाटावं सीमेवरच पडले. मी कण्हलो तरी कसं कण्हायचं ते मला शिकवायचे. स्वतःची पाळी आली की मात्र त्यांना चहाची तल्लफ यायची.

तरी हात वर जावा ही त्यांची तळमळ खरी होती. पंधरा ऑगस्टला गावच्या शाळेत झेंड्याला माजी सैनिकांची पहिली सलामी त्यांची असे. यंदा हात उठला नाही तर तो मान चुलतभावाकडे जाणार, आणि चुलतभाऊ नुसता नाईक होऊन परत आलेला. आपल्याकडची भाऊबंदकी काही उसाच्या बांधावर थांबत नाही.

फिजिओथेरपीच्या मॅडमनी घरी करायला व्यायाम दिला होता. भिंतीवर बोटं चालवत हात हळूहळू वर न्यायचा. महिना उलटला तरी सुभेदारांचा हात छातीशीच. घरी करता ना, असं मॅडमनी विचारलं.

"रोज करतोय की आमी," सुभेदार म्हणाले. सोबत आलेल्या त्यांच्या बायकोने, काकूंनीही मान डोलावली. करून दाखवा म्हटल्यावर काकूच उठल्या. पदर खोचला, बोटं भराभर भिंतीवर चढवली आणि हात पार डोक्याच्या वर नेला.

"ह्यांनी मोजायचं, मी करायचं," त्या म्हणाल्या. "माजा हात लय मोकळा झाला बगा."

हसू दाबता दाबता माझा खांदा दुखला. त्या घरात जन्मभर प्रत्येक काम असंच झालं होतं, मग व्यायाम तेवढा निराळा कसा होणार?

त्यानंतर सुभेदार खरोखर घाम गाळू लागले. दुखलं की शिव्या द्यायचे, पण थांबायचे नाहीत. मला पहिल्यांदाच त्यांची कणव आली. पण व्हायचा तो उशीर झाला होता.

झेंड्याला त्यांनी व्यायामाला येणाऱ्या आम्हा सगळ्यांना बोलावलं होतं. मी एकटाच गेलो. राष्ट्रगीत सुरू झालं, सुभेदारांचा हात छातीपर्यंत आला आणि तिथेच अडला. चुलतभाऊ घसा खाकरून पुढे सरकला. तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून काकू आल्या, मागे उभ्या राहिल्या आणि सुभेदारांचं कोपर खालून उचलून धरलं. हात कपाळाला टेकला. राष्ट्रगीत संपेपर्यंत त्यांनी तो तसाच पेलला.

माझे डोळे भरून आले. सुभेदार माझ्याकडे वळले.

"बगितलंस? लय सोपं हाय."

काकू तेव्हा पाहुण्यांचा चहा टाकायला घराकडे निघालेल्या होत्या.