बाविसावं प्रकरण

आठवीत आमच्या वर्गात सेहेचाळीस मुली होत्या आणि त्यांतल्या चौघींचा जेवणाचा डबा एसटीने यायचा. चौथी मी. बाकीच्या तिघी ते लपवत नसत. मी लपवत असे.

आमचं गाव सोनगीरच्या अलीकडे, महामार्गापासून दीड किलोमीटर आत. गावात सातवीपर्यंत शाळा होती. पुढे मला धुळ्यात ठेवलं, नात्यातल्या एका म्हाताऱ्या बाईंच्या खोलीवर. त्यांना दिसत कमी, चुलीपाशी बसवत नसे. म्हणून दोघींचं जेवण गावाहून यायचं. सकाळच्या गाडीत ड्रायव्हरच्या मागे डबे ठेवायचे, धुळ्याच्या स्टँडवर ज्याने त्याने आपलं फडकं ओळखून उचलायचे आणि संध्याकाळच्या गाडीने रिकामे परत पाठवायचे. आमचं फडकं हिरवं होतं. आईच्या लुगड्याचा तुकडा. रोज पाच भाकरी असत, बाईंच्या दोन आणि माझ्या तीन. स्टँडवरून मी आधी खोलीवर जाई, माझा वाटा एका छोट्या चपट्या डब्यात काढी आणि मग शाळेत जाई. त्या डब्याकडे बघून तो कुठल्या घरातून आला हे कुणाला कळलं नसतं.

डबा भरायची अक्का, माझी मोठी बहीण. माझ्याहून चार वर्षांनी मोठी. तीही शाळेत हुशार होती, चौथीत वर्गात पहिली आली होती. त्याच वर्षी धाकटा भाऊ झाला, आई महिन्याभरात पुन्हा शेतावर कामाला जाऊ लागली आणि घरी कुणीतरी लागणार होतं. अक्काची शाळा तिथे थांबली. माझी थांबली नाही, कारण माझी वेळ आली तोवर भाऊ चालायला लागला होता. यात कुणी काही ठरवून केलं नव्हतं, पण झालं ते असं झालं.

आता कादंबरीचं सांगते. आमच्या मराठीच्या बाई दर बुधवारी मधल्या सुट्टीआधीच्या तासाला एक जुनी कादंबरी वाचून दाखवत. इंग्रजीतून मराठीत आणलेली, शाळेच्या कपाटातली. तिला पुठ्ठा नव्हता आणि ती नवव्या पानापासून सुरू होत होती, त्यामुळे नाव कुणालाच माहीत नव्हतं. एकूण चौतीस प्रकरणं. एका अनाथ मुलीला लोकांचे कपडे धुणारी एक बाई सांभाळते. पुढे दूरचा श्रीमंत नातेवाईक मुलीला मोठ्या शाळेत घालतो, तिथे खानदानी घरच्या मुली असतात. बाई वाचत आणि वर्ग खिडकीबाहेर बघत बसे. मी मात्र एक शब्द सोडत नसे, कारण रविवारी मी गावी गेले की ते प्रकरण अक्काला सांगायचं असे.

ती भाकरी थापत ऐकायची. कपडे धुणाऱ्या बाईला तिने धुनेवाली असं नाव दिलं होतं आणि माझ्या मते ती बाई तिच्या डोळ्यांपुढे पांझरा नदीच्या काठीच कपडे आपटत होती. मध्येच प्रश्न विचारी. “बरफमा कपडा कसा सुकस?” हा तिचा मोठा प्रश्न होता. मी तो वर्गात विचारला. बाईंनाही सांगता आलं नाही.

एकविसाव्या प्रकरणाच्या बुधवारी सकाळची गाडी आमच्या फाट्यावर थांबलीच नाही. स्टँडवर हिरवं फडकं आलं नाही. मी तशीच शाळेत गेले. वाचन अर्धं झालं असताना वर्गाच्या दारात अक्का उभी राहिली. मागच्या गाडीने आली होती आणि स्टँडपासून चालत. डोक्यावर पदर, पायांना धूळ, हातात तो मोठा डबा हिरव्या फडक्यासकट.

बाईंनी पुस्तकातून वर बघून कुणाकडे आली म्हणून विचारलं. अक्काने माझ्याकडे बोट केलं. बाईंनी मला विचारलं, कोण या? माझ्या बाकावर शेजारी एका डॉक्टरांची मुलगी बसायची. तिच्या घरी पुस्तकांची काचेची कपाटं होती, मी दोनदा जाऊन आले होते. मी उभी राहिले आणि म्हणाले, “गावाकडच्या आहेत. डबा घेऊन आल्यात.”

ते वाक्य मी पुढे कितीदा तरी तपासून पाहिलं आहे. त्यात खोटा शब्द एकही नव्हता. ती गावाकडचीच होती, डबाही आणला होता. बहीण हा शब्द तेवढा त्यात नव्हता. आणि जन्मात कधी मी तिला अहोजाहो केलं नव्हतं, ते त्या दिवशी केलं.

अक्का माझ्याकडे न बघता बाईंना म्हणाली, “हां बाई, गावनीच शे मी. डबा देवाले उनू.” डबा दाराशी ठेवून ती गेली. कुणी हसलं नाही, कुणी काही विचारलं नाही. बाईंनी राहिलेलं प्रकरण वाचून संपवलं.

पुढच्या बुधवारी बाविसावं प्रकरण आलं. त्यात धुनेवाली गाठोड्यात खायला बांधून मुलीला भेटायला मोठ्या शाळेत येते आणि मुलगी मैत्रिणींना सांगते, आमच्याकडची जुनी नोकर आहे. बाई वाचत होत्या आणि मी बाकावरच्या रेघा मोजत होते. सतरा होत्या.

रविवारी अक्काने परात पुढे ओढली आणि म्हणाली, सांग. मी म्हटलं, पुढची पानं फाटली आहेत. तिला ते खरं वाटलं. सुरुवातीची आठ नव्हतीच, शेवटचीही गेली असतील. ती एवढंच म्हणाली की शाळेवाल्यांना पुस्तक नीट ठेवता येऊ नये म्हणजे कमाल आहे. राहिलेली बारा प्रकरणं मी वर्गात ऐकली आणि तिला सांगितली नाहीत.

याला अडतीस वर्षं झाली. अक्काचं लग्न भडगावला झालं, मी नोकरीमुळे जळगावला आले. दिवाळीत, लग्नकार्यात भेटी होत राहिल्या. पहिल्या काही वर्षांत ती मधूनच विचारायची, त्या पोरीचं पुढं काय झालं असेल गं? आणि स्वतःच शेवट रचायची. एकदा तिने मुलीला मास्तरीण केलं, एकदा धुनेवालीला घर बांधून दिलं. मी ऐकून घेई. मग तिने विचारणं सोडलं.

यंदा तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन जळगावला केलं आणि ती आठ दिवस आमच्याकडे राहिली. काळा चष्मा, वाचायचं नाही, टीव्ही नाही. माझी मुलगी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे. तिला अभ्यासाला एक कादंबरी लागली होती आणि इंग्रजी जड जातं म्हणून तिने मराठी अनुवाद आणला होता. जेवताना ती गोष्ट सांगायला लागली. अनाथ मुलगी, कपडे धुणारी बाई, मोठी शाळा. अक्काचा घास हातात राहिला. माझी मुलगी म्हणाली, “ज्या बाईनं वाढवलं तिला नोकर म्हणते. एवढं कसलं लाजायचं होतं तिला?” मी तिच्या ताटात भाजी वाढली.

अक्काने माझ्या दिशेने मान वळवली. “पानं सापडी गयात का मंग?”

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात आम्ही दोघीच होतो. मी पुस्तक घेतलं. एकविसावं तिने नीट ऐकलेलं नव्हतं, कारण त्या रविवारी ते मी दोन वाक्यांत उरकलं होतं. ते आधी वाचलं. मग बाविसावं काढलं. मी थांबू शकले असते. तेवढी पानं उलटून तेविसावं वाचलं असतं तरी तिला कळलं नसतं, डोळ्यांवर चष्मा होता. मी सगळं वाचलं, नऊ पानं, नोकर म्हणते ती ओळसुद्धा. वाचताना दोनदा उठले. पाणी प्यायले आणि पुढे वाचलं.

प्रकरण संपल्यावर अक्काने विचारलं की धुनेवालीने गाठोड्यात आणलेलं मुलीने खाल्लं का. मी म्हटलं, पुस्तकात लिहिलेलं नाही.

“तू नही खादं,” ती म्हणाली. “तीन भाकरी परत उन्यात.”

हे मी विसरले होते. खरंच विसरले होते. त्या संध्याकाळी म्हाताऱ्या बाईंना त्यांच्या दोन भाकरी दिल्या आणि माझ्या तीन डब्यातच राहिल्या. अन्न टाकायची रीत आमच्या घरात नव्हती. मी फडकं बांधून डबा गाडीत ठेवला. तो गावी कोण उघडणार आहे हे माझ्या डोक्यात आलं नाही.

“माले वाटनं तुले भाकरनी लाज वाटस,” ती म्हणाली. “मंग पोया धाड्यात मी.”

ते मात्र मला आठवलं. त्या आठवड्यापासून डब्यात गव्हाच्या पोळ्या यायला लागल्या होत्या. पाच पोळ्या, वर्ष संपेपर्यंत. आमच्याकडे गहू सणाला निघायचा. मला वाटलं होतं त्या वर्षी पीक बरं आलं असेल. घरचे सगळे तेव्हाही भाकरीच खात होते, हे मी रविवारी माझ्या डोळ्यांनी बघत होते, आणि एरवी प्रत्येक गोष्ट मोजणाऱ्या मला ते मोजता आलं नव्हतं.

मी म्हटलं, “भाकरीची लाज नव्हती, अक्का.”

“माहीत शे,” ती म्हणाली. तिने हाताने चाचपून माझ्या मांडीवरचं पुस्तक शोधलं, त्यावर बोट ठेवलं. “वाच पुढलं.”

त्या दुपारी आम्ही चार प्रकरणं वाचली. चोविसाव्यात हिवाळा येतो, धुनेवाली बर्फात दोरीवर चादरी घालते. त्या लाकडाच्या फळीसारख्या ताठ होतात आणि ती त्या तशाच काखेत मारून घरात नेते, शेगडीपाशी वाळवायला. अक्काने मला थांबवलं, ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं आणि म्हणाली, एवढी साधी गोष्ट, तुमच्या बाईंना सांगता येत नव्हती होय.