आर्डिसबाईंचा दिवा

आर्डिसबाईंनी घर विकलं असं मला टपाल कचेरीत कळलं, तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो त्यांच्या दिव्याचा. बाईंचा विचार नंतर आला. हे आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे पुढचं सांगायला सोपं जाईल.

आर्डिस ब्रेक्के आमच्या शाळेत अठ्ठावीस वर्षं स्वयंपाक करत होत्या. टॅमरॅक तलावाच्या काठचा माझ्या वयाचा असा एक माणूस नाही, ज्याने त्यांच्या हातचं खिमा-बटाटा एकत्र भाजून केलेलं हॉटडिश खाल्लं नाही आणि ताटात शेंगा टाकल्या म्हणून त्यांची बोलणी खाल्ली नाहीत. मी आता बासष्ट वर्षांचा आहे, केस उरलेले नाहीत, तरी त्या समोर आल्या की मी आपोआप ताठ उभा राहतो.

त्यांचा नवरा ओर्विन रात्रीचा मासेमार. वॉलाय मासा दिवसभर खोल पाण्यात रुसून बसतो आणि अंधार पडला की चरायला उथळ खडकावर येतो. त्यामुळे त्याच्या मागे लागलेल्या माणसाचीही झोप उलटी होते. रात्री परत येताना धक्का सापडावा म्हणून ओर्विनने बोटीच्या शेडवर एक बल्ब लावला होता. एकोणीस वर्षांपूर्वी हिवाळ्यात तो स्वतःच्या अंथरुणात, झोपेत गेला. मे महिन्यात मासेमारीचा हंगाम उघडला आणि पहिल्याच रात्री तो बल्ब पुन्हा पेटला. गाव म्हणालं, बिचारीची सवय सुटत नाही. मी काही बोललो नाही, कारण बोलण्यात माझं नुकसान होतं.

तलावाच्या मधोमध पाण्याखाली एक खडक आहे, दोन खोल्यांएवढा. अंधारात तो शोधायचा एकच उपाय. गावातल्या पाण्याच्या टाकीवरचा लाल दिवा आणि ओर्विनचा बल्ब बरोबर एकाखाली एक आले की हळूच नांगर सोडायचा. हल्ली लोक बोटीत यंत्र लावून त्यावर तळ बघतात, पण माझं आयुष्य या दोन दिव्यांवर गेलं. ओर्विनने मला हे दाखवलं तेव्हा शपथ घातली होती. आमच्याकडे माणूस स्वतःचं ऑपरेशन चारचौघांत सविस्तर सांगेल, पण खडक सांगणार नाही. कॅफेत कोणी विचारलं, ‘लायल, कुठे मिळाले रे?’ की मी म्हणतो, ‘पाण्यात.’

आता अशा परिस्थितीत बाईंचे आभार मानायचे कसे? दिव्याबद्दल आभार मानले की त्या विचारणार, का बरं? आणि पुढच्या रविवारी चर्चच्या कॉफीला माझा खडक सगळ्यांना वाटला जाणार. म्हणून मी एकोणीस वर्षं तोंड शिवून बसलो. हिवाळ्यात त्यांच्या दारातला बर्फ तेवढा काढत राहिलो, आणि म्हणत राहिलो की फावडं हातातच होतं.

त्या शनिवारी बाई मुलीजवळ शहरात राहायला जाणार होत्या. बुधवारी मी त्यांच्या दारात टोपी हातात घेऊन उभा राहिलो.

“आर्डिसबाई, आज रात्री माशांना येता का?”

“ओर्विनने कधी नेलं नाही मला. म्हणायचा, बाई बोलते आणि मासे पळतात.”

“मीही बोलतोच की.”

“ते दिसतंच तुझ्या बादलीत,” त्या म्हणाल्या आणि कोट घ्यायला आत गेल्या. जाता जाता शेडचं बटण दाबायला विसरल्या नाहीत.

एक्याऐंशीव्या वर्षी त्या बोटीत उतरल्या त्या मला हात न देता. मी विचारलं, “मासेमारीचा परवाना?” तर पर्समधून कागद काढून माझ्या नाकासमोर धरला. माझ्या येण्याआधीच, त्याच सकाळी काढलेला. मी बोलावलं नसतं तर त्या स्वतःच मला विचारणार होत्या, हे मला तेव्हा कुठे उमगलं.

साडेदहाला पुरता अंधार झाला. मी मोटार बंद करून वल्ह्याने सरकत राहिलो. दोन दिवे एकमेकांकडे आले, एकाखाली एक उभे राहिले, आणि मी नांगर सोडला. गळाला जळू लावून दिली तेव्हा बाईंनी तोंड वाकडं केलं नाही. ज्यांनी चारशे पोरांना जेवू घातलं त्यांना किळस कसली. त्यांच्या गळाच्या दोरीवरच्या तरंगत्या बोंडाचा बारीक लाल दिवा पाण्यावर डोलू लागला.

मग त्यांनी किनाऱ्याकडे पाहिलं.

“तो माझा?”

“तुमचाच.”

“एवढासाच दिसतो?”

“एवढासाच. पण पुरतो,” मी म्हणालो, आणि एकदाचं सगळं सांगून टाकलं. खडक, टाकी, एकोणीस वर्षं. “त्या दिव्यावर मी जगलोय, आर्डिसबाई. तुमचे फार उपकार आहेत. हे मी आधीच बोलायला हवं होतं. लाज वाटते मला.”

बाईंनी दोरी थोडी ओढून घेतली.

“लायल, बर्फ काय तू माझ्या प्रेमाखातर काढत होतास? दिव्यासाठी काढतोस हे मला माहीत होतं रे. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तुझा हा लाल ठिपका दिसतो. तो दिसला की घरात कोणीतरी जागं आहे असं वाटायचं. तू परत गेलास की मी झोपायचे. ओर्विन गेल्यावर पहिली दोन वर्षं मला दुसरं काही नव्हतं. आभार मी मानायला हवेत.”

मी वल्हं उगाच सरळ करून ठेवलं. त्याच पुढे म्हणाल्या, “एकदा ऑगस्टात बल्ब गेला. तुझ्या बोटीचा दिवा तासभर इकडेतिकडे भरकटत होता. मग मी गाऊनवरच शिडी लावली.”

ती रात्र मला चांगली आठवते. ‘म्हातारीला आजच काटकसर सुचली’ असं मी पाण्यावर मोठ्याने म्हणालो होतो. पाण्यावरून आवाज लांब जातो. त्यांनी ऐकलं होतं का, हे मी विचारलं नाही.

तेवढ्यात त्यांचं बोंड बुडालं. पाण्याखालीही तो लाल दिवा क्षणभर पेटलेलाच दिसत होता. बाईंनी घाई न करता ओढलं. बॅटरीच्या उजेडात माशाचा डोळा मांजरासारखा चमकला. मी पट्टी लावली तर वीस इंच. अठराच्या वरचा परत सोडायचा, हा आमच्या तलावाचा नियम.

“ओर्विनने ठेवला असता,” मी म्हणालो.

“म्हणून तर मी सोडतेय,” म्हणत त्यांनी तो दोन्ही हातांनी पाण्यात धरला, शेपटी हलेपर्यंत.

परत निघताना मी शेवटी विचारलंच. “नवीन माणसं दिवा ठेवतील?”

“बटणाशेजारी चिठ्ठी लावली आहे. मे ते ऑक्टोबर मालवू नये.”

“कारण लिहिलंत?”

“लिहिलंय की. आधीच्या म्हातारीची सवय होती, तेवढी चालू ठेवा.” त्यांनी कोटाची कॉलर वर केली. “तुझा खडक कशाला सांगू मी कोणाला?”